कार्यप्रवाह आज्ञावली, रेडिओ ज्योतिषशास्त्रातील

निरीक्षणांच्या कच्च्या नोंदींवर ठराविक क्रमाने संस्कार करून प्रत्येक टप्प्याचे फलित पुढील टप्प्याकडे सोपविणाऱ्या संगणकीय आज्ञावलीस कार्यप्रवाह आज्ञावली म्हणतात. अशा आज्ञावलीचे मोल केवळ तिच्या अचूकतेवरून ठरत नाही, तर संशोधकाला ती कितपत सुलभपणे वापरता येते यावरूनही ठरते. महाराष्ट्रात या प्रश्नाचे ठळक उदाहरण पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात खोडद येथे असलेल्या महाकाय मीटर-तरंग रेडिओ दुर्बिणीच्या (जीएमआरटी) इतिहासात आढळते.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली ही दुर्बीण उभारली. ४५ मी. व्यासाच्या ३० तबकड्यांपैकी १४ मध्यवर्ती चौरसात आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या तीन शाखांवर आहेत. सर्वांत दूरच्या तबकड्यांतील अंतर सु. २५ किमी. भरते. २००२ पासून ती जगभरच्या संशोधकांना खुली आहे. या दुर्बिणीतून थेट चित्र मिळत नाही. तबकड्यांच्या ४३५ जोड्यांच्या संकेतांचा परस्परसंबंध सतत नोंदविला जातो आणि त्या नोंदींपासून आकाशाचे चित्र गणिताने उभे करावे लागते.

त्या गणितापूर्वी नोंदी शुद्ध कराव्या लागतात. दळणवळणाची प्रक्षेपणे, विद्युत् वाहिन्या इत्यादींमुळे होणारा व्यत्यय ओळखून तो वगळणे, ज्ञात तेजाच्या उगमाशी तुलना करून प्रत्येक तबकडीचे अंशशोधन करणे आणि आयनांबरामुळे लहरींना पडणारा वाक दुरुस्त करणे, ही त्यांतील प्रमुख कामे होत. कंप्रता जितकी कमी तितका आयनांबराचा उपद्रव अधिक, त्यामुळे १५० मेगॅहर्ट्‌झच्या आसपासची निरीक्षणे विशेष अवघड ठरत. अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ ज्योतिषशास्त्र वेधशाळेने १९७०–८० या दशकाच्या अखेरीस विकसित करावयास घेतलेली ‘एप्स’ ही आज्ञावली या कामासाठी दीर्घकाळ वापरली गेली. ती समर्थ होती. परंतु तिच्यातील असंख्य आज्ञा व त्यांची प्राचले संशोधकाने स्वतः निवडावी लागत. हे कौशल्य बहुधा गुरुमुखातूनच मिळे. परिणामी ज्याच्याजवळ अनुभवी मार्गदर्शक नाही, त्याला निरीक्षणाचा वेळ मिळूनही चित्र हाती लागेलच असे नव्हते.

सुलभतेच्या दिशेने एक प्रयत्न पुण्यातीलच आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्राने (आयुका) पर्सिस्टंट सिस्टिम्स या उद्योगाच्या सहकार्याने केला. आभासी वेधशाळेच्या या प्रकल्पात ‘व्हीओप्लॉट’ ही आज्ञावली तयार झाली. निरनिराळ्या वेधशाळांच्या तारकासूची एकाच प्रमाणित कोष्टक-स्वरूपात आणण्याचा संकेत २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय स्तरावर निश्चित झाला होता. त्या स्वरूपातील माहितीचे आलेख स्वतः कार्यक्रम न लिहिता काढण्याची सोय व्हीओप्लॉटमुळे झाली.

खोडदच्या नोंदींच्या बाबतीत निर्णायक पाऊल आकाशाच्या सर्वेक्षणामुळे पडले. २०१० ते २०१२ या काळात दुर्बिणीने १५० मेगॅहर्ट्‌झच्या सुमारास उत्तर आकाशाचा संपूर्ण व दक्षिण आकाशाचा बराचसा भाग पाहिला. एवढ्या नोंदी हाताने शुद्ध करणे अशक्यप्राय होते. ह्यूब इंटेमा यांनी आयनांबराची प्रतिकृती रचून दुरुस्ती करणारी ‘स्पॅम’ ही पद्धत विकसित केली होती. एप्सच्याच साधनांवर आधारलेली ही पद्धत त्यांनी स्वयंचलित केली. इंटेमा, प्रशांत जगन्नाथन, कुणाल मूळे व डेल फ्रेल यांनी तिच्या साह्याने सर्व नोंदींवर नव्याने संस्कार केले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या फलितात ३६,९०० चौरस अंशांची, म्हणजे सु. ९० टक्के आकाशाची चित्रे आणि सु. ६·२ लाख रेडिओ उगमांची सूची आहे. त्या सूचीतून निवडलेला एक उगम २०१८ मध्ये तोवर ज्ञात असलेली सर्वांत दूरची रेडिओ दीर्घिका ठरला.

याच सुमारास राष्ट्रीय केंद्रातही अशी साधने घडत होती. जयंती प्रसाद व जयराम चेंगलूर यांची व्यत्यय वगळणारी व अंशशोधन करणारी ‘फ्लॅगकॅल’ ही आज्ञावली २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे दुर्बिणीचे नूतनीकरण होऊन एका वेळी नोंदविता येणारा कंप्रता-पट्टा ३२ वरून ४०० मेगॅहर्ट्‌झपर्यंत वाढला आणि नोंदींचा भार त्या प्रमाणात चढला. त्यासाठी रुता काळे व सी. एच. ईश्वर-चंद्र यांनी ‘कॅप्चर’ ही आज्ञावली सिद्ध केली (२०२१). तीत संपूर्ण प्रक्रिया सलग चालविता येते किंवा हवा तो टप्पा निराळा काढून त्याची प्राचले बदलता येतात.

सुलभतेला मर्यादाही आहेत. व्यत्यय समजून आज्ञावली खराखुरा क्षणिक संकेतही वगळू शकते. उपर्युक्त सर्वेक्षणातील काही भागांत उगमांच्या तेजाची मापे ढळली असल्याचे ऑस्ट्रेलियातील एका सर्वेक्षणाशी तुलना केल्यावर २०१७ मध्ये निदर्शनास आले. म्हणून उत्तम कार्यप्रवाह आज्ञावलीने श्रम वाचवावेत, पण निर्णय झाकू नयेत. कोणत्या टप्प्यावर काय वगळले, याची नोंद तिने संशोधकापुढे उघडी ठेवली पाहिजे.

या सुधारणांचे सामाजिक महत्त्व मोठे आहे. शुद्ध केलेली चित्रे सर्वांना खुली झाल्यामुळे २०१३ मध्ये आनंद होता यांनी सुरू केलेल्या ‘रॅड ॲट होम’ या नागरिक-विज्ञान उपक्रमात मोठ्या संस्थांबाहेरील विद्यार्थीही दीर्घिकांच्या शोधात सहभागी होऊ लागले. यवतमाळसारख्या जिल्ह्यातील महाविद्यालये अमरावती विद्यापीठाला संलग्न असून पुण्याच्या संशोधन केंद्रांपासून शेकडो किलोमीटर दूर आहेत. तेथील विज्ञानाच्या पदवीधराला एप्सच्या काळात या क्षेत्रात शिरण्यासाठी प्रथम पुणे वा मुंबई गाठणे प्राप्त होते. आज संगणक, आंतरजाल आणि भौतिकीचे पक्के ज्ञान यांच्या बळावर तो निदान प्रारंभ आपल्या गावातून करू शकतो. मार्गदर्शकाची गरज त्यामुळे संपत नाही; मात्र मार्गदर्शकाचा वेळ आज्ञा पाठ करून घेण्याऐवजी निरीक्षणांचा अर्थ लावण्याकडे वळतो.