दिनविशेष : ५ नोव्हेंबर
सालवारी मोडणारा संग्रह

५ नोव्हेंबर २००१ : पिंक फ्लॉइड या ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचा ‘एकोज : द बेस्ट ऑफ पिंक फ्लॉइड’ हा संग्रह ब्रिटनमध्ये ईएमआयने बाजारात आणला. दोन सीडींवर १९६७ ते १९९४ या काळातली २६ गाणी होती.

निवडक गाण्यांचे संग्रह थोडे नाहीत. तरी हा लक्षात राहिला तो मांडणीमुळे. ध्वनिमुद्रक जेम्स गथ्री यांनी सालवारी बाजूला ठेवली आणि एका गाण्याचा शेवट पुढच्याच्या सुरुवातीत मिसळला. १९९४च्या ‘हाय होप्स’मधला घंटेचा गंभीर नाद विरतो आणि लगेच १९६७चं ‘बाइक’ हे खट्याळ, पोरकट गाणं सुरू होतं. मध्ये २७ वर्षं गेली, हे कानाला कळतही नाही. त्यासाठी काटछाटही झाली. २३ मिनिटांचं ‘एकोज’ सुमारे १६ मिनिटांवर आलं.

पहिलं आणि शेवटचं, दोन्ही गाणी सिड बॅरेट यांची. मानसिक अस्वास्थ्यामुळे १९६८मध्येच बँडपासून दुरावलेल्या या संस्थापकाची पाच गाणी इथे आहेत. एका परीने हे ऋण फेडणंच होतं.

आज मोबाइल गाणी हवी तशी पिसून वाजवतो. अशा काळात हा संग्रह सांगतो, की मैफल नुसत्या चांगल्या चिजांनी रंगत नाही. कशानंतर काय, हेही जमावं लागतं.