पांढरीची शाळा

इतिहासाच्या विषयावर एका युनियनवाल्याला उभे का केले, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आला असेल. मलाही तो पडला होता. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयात आणि जिनिंगच्या फाटकाबाहेर झाले. पण आजचा विषय कुदळीचा आणि घमेल्याचा आहे, म्हणून धीर केला.

आपल्या वऱ्हाडात जमिनीचे दोन भाग मानतात: काळी आणि पांढरी. काळीत पीक, पांढरीत वस्ती. शेकडो वर्षे माणसे एका जागी राहिली, मातीच्या भिंती पडल्या, चुलीची राख साचली आणि त्याचे टेकाड झाले. आपल्या आजोबांनी तीच माती गाड्या भरून आणली आणि धाब्याच्या घरांवर घातली. तिच्यातून निघालेली खापरे पोरांनी नदीत फेकली. ही आपल्याच घराण्याची वही आहे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

ही वही वाचायला शिकवतात कसे? पुस्तकाने नव्हे. डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकलिया लंडनला शिकत होते, तेव्हा मेडन कॅसल येथे व्हीलर यांच्या उत्खननात त्यांनी प्रत्यक्ष काम केले. त्याच व्हीलरनी 1944 साली तक्षशिलेला विद्यार्थ्यांसाठी उत्खननाची शाळा भरवली. सांकलियांनी पुढे नेवासे येथे, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व शिष्यांनी घोड नदीकाठच्या इनामगावला, एकेका हंगामात विद्यार्थ्यांना चरात उतरवले. इनामगावचे काम 1968 पासून 1983 पर्यंत चालले. तंबूत राहायचे, सकाळी खुंट्या ठोकून दोरी ताणायची, चौकोन आखायचा, दोन चौकोनांमध्ये न खणलेला बांध राखायचा, आणि खुरपीने थर उलगडायचा. प्रत्येक खापराच्या पिशवीत चिठ्ठी: जागा, चर, थर, खोली, तारीख. चिठ्ठी चुकली की खापर मुके झाले! कारण खणलेला थर पुन्हा खणता येत नाही; उत्खनन म्हणजे वाचता वाचता पान फाडणे. कागदावर जे उतरले तेवढेच उरते.

इथे मला माझ्या ओळखीच्या एका विहीर खोदणाऱ्याची आठवण येते. अक्षरओळख बेताची, पण कुदळ पडताच जमीन मूळची की कधीतरी उकरून भरलेली, हे तो आवाजावरून सांगे. पदवीच्या विद्यार्थ्याला हेच शिकायला अख्खा हंगाम लागतो. उत्खननाच्या अहवालांत सर्वेक्षकाचे, छायाचित्रकाराचे नाव असते, कुदळ्याचे क्वचित. मी युनियनवाला असल्याने हे मला खुपते. विद्यार्थ्याला प्रमाणपत्र मिळते, आणि ज्याच्या शेजारी बसून तो थर ओळखायला शिकला, त्याला हंगाम संपताच हजेरीपटावरून कमी करतात.

आता आपल्या दाराशी येऊ. शेगावच्या उत्तरेस, संग्रामपूर तालुक्यात, पूर्णेकाठी भोन हे गाव. या शतकाच्या पहिल्या दशकात डेक्कन कॉलेजच्या डॉ. भास्कर देवतारे यांच्या देखरेखीखाली तेथे उत्खनन झाले. भाजक्या विटांच्या स्तूपाचे अवशेष, पुष्कळशा कडीविहिरी आणि पाण्याचा एक प्राचीन कालवा तेथे आढळला. सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी आपल्या खारपाणपट्ट्याच्या मुलखात गोड्या पाण्याची अशी व्यवस्था करणारी वस्ती होती. आजही उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावणाऱ्या आपल्या गावांनी भोनच्या त्या विहिरी पाहायला हव्यात.

पण हीच जागा जिगाव प्रकल्पाच्या बुडित क्षेत्रात येते. धरण नको, असे मी म्हणणार नाही. पाण्यासाठी मोर्चे काढलेला माणूस आहे मी. कृष्णेवरील धरणापायी नागार्जुनकोंडा बुडणार होते, तेव्हा 1954 ते 1960 या काळात तेथे मोठे उत्खनन झाले आणि निवडक वास्तू उंचावर हलवल्या. नाईलवरील आस्वान धरणाच्या वेळी आपल्या देशाचे पथकही न्यूबियात खणायला गेले होते. म्हणजे रस्ता माहीत आहे. उणीव हातांची आहे. धरण, महामार्ग, कालवा यांचे यंत्र येण्याआधी जागा तपासणारी, नोंदणारी, वाचवता येईल ते वाचवणारी माणसे लागतात, आणि ती एका पावसाळ्यात तयार होत नाहीत.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या मुलामुलींना दर हिवाळ्यात एक महिना विद्यापीठाच्या तज्ज्ञांबरोबर पांढरीवर पाठवावे. खणायलाच हवे असे नाही, आणि परवान्यावाचून खणूही नये. टेकाडाचे माप घ्यावे, वरची खापरे जागेवरच नोंदावीत, नकाशा काढावा. आणि सोबत गावातले दोन-तीन विहीर खोदणारे घ्यावेत, ठरलेल्या रोजावर, वहीत नाव लिहून.

माझ्या त्या ओळखीच्या माणसाला मी हे सांगितले, तेव्हा त्याने एवढेच विचारले, "भाऊ, वहीत नाव माझं लिहितीन का ठेकेदाराचं?"