चौसष्टाचे घनमूळ

चौसष्टाचे घनमूळ चार, हे शाळेतला कोणताही विद्यार्थी न अडखळता सांगेल. परंतु संकेतस्थळांना चालना देणाऱ्या जावास्क्रिप्ट या संगणकीय भाषेत ६४ चा एक-तृतीयांश घात काढण्याची आज्ञा दिली, तर उत्तर येते ३.९९९९९९९९९९९९९९९६. लक्षावधी आकडेमोडी क्षणार्धात करणाऱ्या यंत्राने चारापर्यंत पोहोचू नये, याचे नवल वाटते; पण त्यामागे मूळ काढण्याच्या विद्येचाच एक जुना प्रश्न दडलेला आहे.

ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात, नेटस्केप कंपनीत असताना, सुमारे दहा दिवसांत रचली. वर्गमूळाची आज्ञा तीत होती, घनमूळाची नव्हती. म्हणून लोकांनी आडवाट धरली: घनमूळ म्हणजे एक-तृतीयांश घात, तेव्हा तोच काढावा. तर्क निर्दोष होता. अडचण अशी, की यंत्र संख्या द्विमान पद्धतीने साठवते, आणि तीत एक-तृतीयांश हा अपूर्णांक कधीच संपत नाही. यंत्र तो ५३ सार्थ अंकांवर तोडते आणि हाती उरतो खऱ्या एक-तृतीयांशाहून किंचित लहान घात. २७ च्या बाबतीत ही तूट पूर्णांकन करताना बुजून जाते व उत्तर बरोबर तीन येते. ६४ च्या बाबतीत ती उघडी पडते.

इ. स. ४९९ मध्ये तेवीस वर्षांच्या असलेल्या आर्यभटाने मात्र हे दोन विषय एकमेकांत मिसळले नव्हते. ‘आर्यभटीया’च्या गणितपादात वर्गमूळाचा एक श्लोक आहे आणि त्याच्या लगेच पुढे घनमूळाचा स्वतंत्र श्लोक. त्याच्या रीतीत एकंस्थानापासून तीन-तीन स्थानांचे गट पाडावयाचे. प्रत्येक गटातील पहिले घनस्थान, पुढची दोन अघनस्थाने. १७२८ घ्या. डावीकडच्या १ मधून १ चा घन वजा केला. मूळाचा पहिला अंक १. पुढच्या ७ ला मूळाच्या वर्गाच्या तिपटीने, म्हणजे ३ ने, भागले. भागाकार २, बाकी १. बाकीपुढे २ उतरवून झालेल्या १२ मधून भागाकाराचा वर्ग, मूळ आणि तीन यांचा गुणाकार, म्हणजे १२, वजा केला, शून्य. शेवटच्या ८ मधून २ चा घन वजा केला, पुन्हा शून्य. घनमूळ १२. या साऱ्या खटाटोपात अपूर्णांकाला कोठेही प्रवेश नाही, आणि मूळ पूर्ण आहे की नाही, हे शेवटची बाकी स्वतःच सांगते.

बाकी उरली तर काय करावयाचे, याचे उत्तर भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त दिले. काटकोन त्रिकोणाच्या दोन्ही बाजू सव्वातीन असतील, तर कर्णाचा वर्ग १६९/८ येतो आणि त्याचे मूळ पुरे निघत नाही. येथे ते अंश व छेद यांच्या गुणाकाराला, १३५२ ला, एका मोठ्या वर्गसंख्येने गुणावयास सांगतात. १०,००० ने गुणले असता १,३५,२०,००० होतात. त्यांचे मूळ सुमारे ३६७७. त्यास ८०० ने भागले, की कर्ण ४ पूर्णांक ४७७/८००. वर्गसंख्या जितकी मोठी, तितके उत्तर सूक्ष्म. पण आचार्य त्याला मूळ म्हणून स्वस्थ बसत नाहीत. ‘निकट’ म्हणतात, म्हणजे जवळचे. यंत्रही निकट उत्तरच देते, फक्त तसे सांगत नाही. सोळा दशांश स्थळे पाहून माणूस त्यास बिनचूक समजतो, हा खरा धोका. पैशाच्या हिशेबात किंवा मोजमापात ‘उत्तर चार आहे काय?’ असे यंत्रास विचारले, तर ते निर्विकारपणे नाही म्हणून मोकळे होते.

भास्कराचार्यांचा ग्रंथ केवळ पाठांतरात राहिला नाही. त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावाजवळच्या पाटण येथे मठ स्थापिला. १२०७ सालचा तेथील शिलालेख याची साक्ष देतो, आणि त्याच्या अखेरच्या ओळी तर जुन्या मराठीत आहेत.

‘बीजगणिता’त आचार्यांनी आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: ऋण संख्येस वर्गमूळ नाही, कारण ती कोणाचाच वर्ग नव्हे. जावास्क्रिप्टला उणे एकाचे वर्गमूळ विचारले, तर तीही ‘ही संख्या नव्हे’ असेच उत्तर देते. दुर्दैवाने उणे आठाचा एक-तृतीयांश घात विचारला तरी हेच उत्तर मिळते, जरी उणे दोनाचा घन उणे आठच आहे. २०१५ च्या जून महिन्यात भाषेची नवी आवृत्ती प्रमाणित झाली, तेव्हा घनमूळाची वेगळी आज्ञा तीत आली. आता उणे आठास उणे दोन मिळतात, आणि चौसष्टास चार.