संगणकाचे मंदत्व : एका समजुतीची ऐतिहासिक चिकित्सा

‘लॅपटॉप म्हातारा झाला’ हे वाक्य आज मराठीत सहज उच्चारले जाते. हडपसरच्या पूर्वेस, मुळा-मुठेच्या काठी वसलेले मांजरी बुद्रुक हे गाव २०२१ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. नदीपलीकडे खराडी व अलीकडे हडपसर या दोन्ही बाजूंस संगणक-उद्योगाची वस्ती वाढली आहे, आणि उसाच्या व भाजीपाल्याच्या शेतांशेजारी उभ्या राहिलेल्या घरांतून लॅपटॉप ही नित्याची वस्तू झाली आहे. अशा गावातही यंत्राच्या मंदपणाचे वर्णन याच शब्दांत होते. लॅपटॉप ‘थकतो’, ‘अडकतो’, ‘मान टाकतो’ आणि अखेरीस ‘म्हातारा होतो’. ही सर्व क्रियापदे सजीवाची होत. त्यांत एक निदान गृहीत धरलेले आहे : मंदत्व हा यंत्राच्या शरीराचा धर्म असून तो वयाबरोबर येतो. या निदानावरून उपायही ठरून जातो. जुने टाकावे, नवे घ्यावे.

हे निदान वस्तुस्थितीला कितपत धरून आहे? प्रोसेसर हा संगणकाचा गणन करणारा भाग. त्याचे ठोके स्फटिकाच्या कंपनांनी नियमित होतात. ज्या प्रोसेसरने पहिल्या दिवशी सेकंदाला दोन अब्ज ठोके दिले, तो सात वर्षांनंतरही, योग्य तपमानात, तितकेच देतो. तरीही पहिल्या वर्षी अर्ध्या मिनिटात सुरू होणारे यंत्र सातव्या वर्षी चार मिनिटे घेते, हा अनुभव खोटा नव्हे. तेव्हा गेला वेळ कोठे गेला, हा खरा प्रश्न होय. संगणकाचा गेल्या ऐंशी वर्षांचा इतिहास या प्रश्नाचे एकच उत्तर पुनःपुन्हा देतो : संगणक मंद चालतो तेव्हा बहुधा तो काम करीत नसतो, तर वाट पाहत असतो.

या प्रतीक्षेचे मूळ संगणकाच्या रचनेतच आहे. १९४५ साली जॉन फॉन नॉयमन यांच्या नावाने प्रसृत झालेल्या मसुद्यात गणन करणारा भाग व स्मृती हे दोन वेगळे अवयव कल्पिले होते, आणि आज्ञा व आकडे ही दोन्ही एकाच स्मृतीत ठेवण्याची योजना होती. ही रचना अत्यंत फलदायी ठरली व आजचा लॅपटॉपही तत्त्वतः तिच्याच वंशातला आहे. परंतु तिच्यामुळे प्रत्येक आज्ञेला व प्रत्येक आकड्याला स्मृतीपासून गणकापर्यंत एकाच अरुंद वाटेने यावे लागते. जॉन बॅकस यांनी १९७७ च्या ट्युरिंग व्याख्यानात या वाटेला बाटलीच्या गळ्याची उपमा दिली.

मांजरीच्या वाचकाला मात्र याहून जवळची उपमा उपलब्ध आहे. सहकारी साखर कारखान्यांच्या ऊस-उत्पादकांनी १९७५ साली स्थापन केलेली आणि आज वसंतदादा पाटील यांचे नाव धारण करणारी ऊस व साखर संशोधन संस्था याच गावात आहे. कारखान्याची गाळप क्षमता कितीही मोठी असो, फडातून तोडलेला ऊस वेळेवर गव्हाणीत पडला नाही तर चरक रिकामा फिरतो. अशा वेळी आणखी मोठा चरक बसविणाऱ्या कारखानदारास कोणी शहाणा म्हणणार नाही. प्रोसेसर हा चरक, रॅम ही गव्हाण आणि हार्ड डिस्क हा दूरचा फड, असे मानले म्हणजे संगणकाच्या इतिहासातील पुढील टप्पे समजण्यास सुलभ होतात.

प्रारंभीच्या यंत्रांत गव्हाण फारच लहान होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रचलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला व १९६२ साली त्याचे नामकरण झाले. त्याच्या चुंबकीय स्मृतीत प्रत्येकी ४० अंकस्थानांचे २,०४८ शब्द मावत. आजच्या मापाने ती सुमारे १० किलोबाइट, म्हणजे या निबंधालाही अपुरी पडेल एवढी जागा होय. अशा यंत्रावर काम करणाऱ्यास आपल्या गणिताचा कोणता भाग केव्हा स्मृतीत असावा याचा विचार स्वतःच करावा लागे.

हा विचार यंत्रावर सोपविण्याचा प्रयत्न मँचेस्टर विद्यापीठाच्या ‘ॲटलस’ या संगणकात १९६२ साली सिद्धीस गेला. तेथे लहान पण वेगवान स्मृती आणि मोठे पण संथ चुंबकीय पिंप यांचा एकच अखंड संचय असल्याचा आभास निर्माण केला होता. हव्या त्या मजकुराची ‘पाने’ यंत्र स्वतःच पिंपावरून स्मृतीत आणी व नको ती परत पाठवी. आज आभासी स्मृती म्हणून ओळखली जाणारी व्यवस्था ती हीच. तिने मोठी सोय केली, तथापि एक नवा रोगही आणला. स्मृतीच्या मानाने एकाच वेळी फार कामे सुरू केली तर यंत्राचा बहुतेक वेळ पाने आणण्यात व परत नेण्यातच जातो. पीटर डेनिंग यांनी १९६८ साली या अवस्थेचे विश्लेषण केले. तिला इंग्रजीत ‘थ्रॅशिंग’ म्हणतात, आणि हा शब्द व्युत्पत्तीने धान्याच्या मळणीशी जोडलेला आहे. बैल फिरत आहेत, धूळ उडत आहे, पण दाणा पडत नाही, अशी ही मळणी होय. डेनिंग यांचा निष्कर्ष असा की प्रत्येक कामाला कोणत्याही क्षणी पानांचा एक ठराविक संच जवळ लागतो. सर्व चालू कामांचे असे संच स्मृतीत मावत असतील तोवर यंत्र सुरळीत चालते, आणि ही मर्यादा ओलांडली की गती हळूहळू कमी न होता एकदम कोसळते. चार गिगाबाइट रॅमच्या लॅपटॉपवर ब्राउझरची वीस पाने उघडणाऱ्या विद्यार्थ्याला येणारा अनुभव अक्षरशः हाच असतो. सतरावे पान उघडेपर्यंत सर्व ठीक असते, अठराव्याला यंत्र ‘मान टाकते’. वय तेच असते. फक्त संच मावेनासा झालेला असतो.

दुसरा टप्पा फडाचा, म्हणजे हार्ड डिस्कचा होय. आय.बी.एम. कंपनीने १९५६ साली आणलेल्या पहिल्या डिस्क-संचयात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या. त्या मिनिटाला १,२०० फेरे घेत, आणि हवी ती नोंद सापडण्यास सरासरी ०.६ सेकंद लागे. त्यानंतरच्या अर्धशतकात गणनाचा वेग लक्षावधी पटींनी वाढला. लॅपटॉपमधील सामान्य तबकडी मात्र मिनिटाला ५,४०० फेरे घेते. म्हणजे फिरण्याचा वेग वाढला तो अवघा साडेचार पट. मिनिटाला ५,४०० फेऱ्यांच्या हिशेबाने एका फेऱ्यास ११ सहस्रांश सेकंद लागतात आणि हवी ती जागा वाचकशीर्षाखाली येण्यास सरासरी त्याच्या निम्मे. शीर्ष हलविण्याचा काळ त्यात मिळविला म्हणजे विखुरलेल्या नोंदी सेकंदाला शंभरही वाचून होत नाहीत. तेवढ्या अवकाशात प्रोसेसर अब्जावधी ठोके देऊन बसलेला असतो. चरक व फड यांच्यातील अंतर किती वाढले, याची यावरून कल्पना यावी.

हे अंतर मिटविणारा शोध जपानमध्ये लागला. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ‘फ्लॅश’ स्मृती मांडली. तीत फिरणारा भाग नाही, म्हणून शीर्ष हलण्याची व तबकडी फिरण्याची प्रतीक्षाही नाही. आजची एसएसडी याच स्मृतीची बनलेली असते व विखुरलेली नोंद तबकडीपेक्षा शंभर पट किंवा त्याहून अधिक जलद देते. जुन्या लॅपटॉपमधील तबकडी काढून तेथे एसएसडी बसविली असता यंत्र ‘पुन्हा तरुण’ झाल्यासारखे वाटते, त्याचे कारण हेच. चरक तोच राहिला. फड जवळ आला.

आता तिसरा घटक म्हणजे भार. निक्लाउस विर्थ यांनी १९९५ साली अशी तक्रार नोंदविली की यंत्रांचा वेग जितक्या त्वरेने वाढतो त्याहून अधिक त्वरेने आज्ञावली जड होतात. त्याच वर्षीच्या विंडोज ९५ ला किमान ४ मेगाबाइट रॅम पुरे. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ला किमान ४ गिगाबाइट लागते. सव्वीस वर्षांत मागणी सुमारे हजार पट झाली. टंकलेखन करणाऱ्याच्या बोटांची गती मात्र तीच राहिली. यंत्र तेच असताना दरवर्षी त्याच्यावर नव्या आवृत्त्या चढत जातात, सुरू होतानाच आपोआप जागे होणारे कार्यक्रम वाढत जातात, आणि मालक म्हणतो की यंत्र म्हातारे झाले.

मराठी वापरणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एका घटकाचा विचार आवश्यक आहे, तो म्हणजे लिपी. देवनागरीची जोडाक्षरे व मात्रा जुळविणे हे एके काळी संगणकाला खरोखरच भारी काम होते. कानपूरच्या आय.आय.टी.त आरंभ झालेले ‘जिस्ट’ तंत्र १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने पुढे नेले. त्याचे कार्ड संगणकाच्या खाचेत बसविले जाई आणि अक्षरजुळणीचे काम ते स्वतःकडे घेई. मूळ यंत्र बदलण्याऐवजी नेमक्या अडलेल्या कामासाठी वेगळा मदतनीस नेमण्याचे हे चांगले उदाहरण होय. १९९१ च्या भारतीय मानकात प्रत्येक वर्णचिन्हास एक बाइट लागे, तर युनिकोडच्या आज रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन लागतात. ‘मांजरी’ हा शब्द पूर्वी ६ बाइटांत मावे, आता त्यास १८ लागतात. तरीदेखील दहा लाख चिन्हांचा प्रचंड प्रबंध ३० लाख बाइटांतच, म्हणजे एखाद्या भ्रमणध्वनीवरील छायाचित्राएवढ्या जागेत राहतो. तेव्हा आजच्या लॅपटॉपच्या मंदत्वाचा दोष मराठी मजकुराकडे जात नाही.

मग उपाय कोणता करावा? याचे तर्कशास्त्र जीन ॲमडाल यांनी १९६७ साली मांडले. कामाच्या एका भागाचा वेग कितीही वाढविला तरी एकूण लाभ त्या भागाच्या मूळ वाट्याइतकाच मर्यादित राहतो. समजा, एका कामास ६० सेकंद लागतात आणि त्यांपैकी ५० डिस्कची वाट पाहण्यात जातात. दुप्पट वेगाचा प्रोसेसर आणला तर ६० चे ५५ होतील. दसपट वेगाचा संचय आणला तर १५ होतील. सी-डॅकने १९९१ साली सिद्ध केलेल्या ‘परम ८०००’ या महासंगणकाच्या मागेही हाच विचार दिसतो. एकच अतिवेगवान प्रोसेसर घडविण्याऐवजी त्यात अनेक ट्रान्सप्युटर जोडले होते व प्रत्येकास स्वतःची स्मृती दिली होती, जेणेकरून सर्वांची रांग एकाच दाराशी लागू नये.

या इतिहासावरून घरच्या यंत्रासाठी निघणारा क्रम स्पष्ट आहे. प्रथम निदान : विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसर, रॅम व डिस्क यांपैकी कोण शंभर टक्क्यांना भिडले आहे ते पाहावे. नंतर भार उतरवावा. आपोआप सुरू होणारे अनावश्यक कार्यक्रम बंद करावेत. त्यास खर्च नाही. रॅम भरत असेल व यंत्रात जागा असेल तर ती वाढवावी. मात्र अनेक पातळ लॅपटॉपांत रॅम कायमची जोडलेली असते, हे आधी पाहून घ्यावे. डिस्क फिरणारी असेल तर सर्व मजकुराची प्रत काढून ठेवून एसएसडी बसवावी. यंत्राचे फिरणारे भाग मात्र खरोखर झिजतात : तबकडी आणि पंखा. पंख्यात धूळ साचली की उष्णता वाढते आणि प्रोसेसर स्वतःला वाचविण्यासाठी ठोके कमी करतो. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत हे विशेष घडते. प्रोसेसर स्वतः मंदावतो अशी ही प्रमुख स्थिती होय, आणि तिच्यावरील उपाय म्हणजे सफाई.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला, आणि विंडोज ११ च्या अटी न पुरविणारी अनेक धडधाकट यंत्रे एका दिवसात ‘जुनी’ ठरली. त्यांपैकी पुष्कळ यंत्रे लिनक्ससारखी हलकी प्रणाली घालून टंकलेखन, शब्दसंग्रह व ग्रंथसूची यांसाठी अजून वर्षानुवर्षे चालू शकतात. विद्यावेतनावर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने नवा लॅपटॉप आणि नवी एसएसडी यांच्या किमतींतील फरक म्हणजे काही महिन्यांची खानावळ असते. भाषेतील एका रूपकाने, म्हणजे यंत्राला वय असते या कल्पनेने, त्याला एवढा खर्च करावयास लावू नये.

साखर कारखान्यात चरक थांबला की अनुभवी माणूस आधी गव्हाणीकडे पाहतो, मग रस्त्याकडे, मग फडाकडे. चरक बदलण्याची गोष्ट तो सर्वांत शेवटी काढतो. संगणकाच्या इतिहासानेही आपल्याला पाहण्याचा हाच क्रम शिकविला आहे.