‘यामातो’ पुन्हा पुन्हा का बुडते?

जपानी अ‍ॅनिमेवरून खरे नट-नट्या घेऊन सिनेमा काढला की भांडण ठरलेलं असतं. चेहरे तसे आहेत का, कपडे तसे आहेत का, नटी जपानी का नाही. २०१७ साली हॉलिवूडने ‘घोस्ट इन द शेल’ काढला, नायिका स्कार्लेट जोहान्सन घेतली आणि जगभर वाद झाला. २०२१ साली नेटफ्लिक्सने ‘काउबॉय बीबॉप’ आणली आणि तीन आठवड्यांत तिचा पुढचा हंगाम निघणार नसल्याचं जाहीरही करून टाकलं.

ही भांडणं काही खोटी नाहीत. पण मला आज लिहायचंय ते अशा एका सिनेमाबद्दल, जिथे हा वाद उद्भवतच नाही. २०१० सालचा ‘स्पेस बॅटलशिप यामातो’. दिग्दर्शक जपानी, नट जपानी, मूळ मालिका जपानी आणि जिच्यावरून हे सगळं सुरू झालं ती युद्धनौकाही जपानीच. म्हणजे परक्याने येऊन वाट लावली असं म्हणायची सोय नाही. मग उरतो तो जास्त अवघड प्रश्न. देशासाठी मरणं पडद्यावर किती सुंदर दाखवायचं?

पोस्ट मोठी आहे. आणि सिनेमांचे शेवट सांगितल्याशिवाय मुद्दा मांडता येत नाही, तेव्हा ज्यांना आधी सिनेमे बघायचे असतील त्यांनी इथेच थांबावं.

सुरुवात खऱ्या जहाजापासून. ‘यामातो’ हे जपानचं जुनं, काव्यात्म नाव. ते दिलेली युद्धनौका कुरे इथल्या गोदीत बांधली गेली आणि डिसेंबर १९४१ मध्ये नौदलात दाखल झाली. लांबी २६३ मीटर, तोफांचं तोंड ४६ सेंटिमीटर. एवढ्या मोठ्या तोफा दुसऱ्या कुठल्याच देशाच्या युद्धनौकेवर नव्हत्या. पण तोवर समुद्रावरचं युद्ध विमानांच्या हाती गेलं होतं.

एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन सैन्य ओकिनावावर उतरलं. यामातोला हुकूम मिळाला की तिकडे जा, जहाज किनाऱ्यावर चढवा आणि संपेपर्यंत तोफा चालवा. सोबत एक क्रूझर, आठ विनाशिका आणि डोक्यावर विमानांचं संरक्षण जवळजवळ शून्य. ताफ्याचे प्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल सेइची इतो यांना ही योजना पटली नव्हती. त्यांची समजूत घालायला वरिष्ठ अधिकारी विमानाने आले. युक्तिवाद असा होता की उद्या अख्खा देशच मरायला निघणार आहे, तुम्ही त्यात पुढे व्हा. इतो तयार झाले.

७ एप्रिलला दुपारी अमेरिकन विमानांनी यामातो बुडवली. तिच्यावरची सुमारे ३,००० माणसं गेली. वाचलेले तीनशेसुद्धा नव्हते.

या कहाणीतल्या दोन गोष्टी सहसा कुणी सांगत नाही. एक, निघण्याआधी नव्याने आलेल्या कॅडेट पोरांना जहाजावरून उतरवून किनाऱ्यावर पाठवलं होतं. दोन, जहाज वाचत नाही हे दिसल्यावर इतोंनी मोहीम रद्द केली. ते स्वतः जहाजाबरोबर गेले, पण त्या हुकमामुळे उरलेल्या विनाशिकांना पाण्यातली माणसं उचलून परत फिरता आलं. चार विनाशिका परत आल्या. ज्या मोहिमेचं नावच मरण होतं, तिच्यातही कुणीतरी ‘मागे फिरा’ म्हणालं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वाचलेल्यांपैकी एक तरुण अधिकारी मित्सुरू योशिदा. त्यांनी शरणागतीनंतर लगेच आठवणी लिहिल्या. अमेरिकन ताब्यातल्या सेन्सॉरने त्या अडवल्या, पुस्तक पूर्ण रूपात आलं ते १९५२ साली. त्यात जहाजावरच्या अधिकाऱ्यांचा एक वाद आहे. आपण मरायचं कशासाठी? एकाचं म्हणणं असं की हरल्याशिवाय जपान जागा होणार नाही, आपण त्या जागं होण्यासाठी मरतोय. पुढे पन्नास-साठ वर्षं जपानमध्ये यामातोचा विषय निघाला की हाच वाद वेगवेगळ्या कपड्यांत परत येतो.

त्यातले सगळ्यात अनपेक्षित कपडे म्हणजे विज्ञानकथेचे. ऑक्टोबर १९७४ मध्ये टीव्हीवर ‘उचू सेन्कान यामातो’, म्हणजे ‘अंतराळ युद्धनौका यामातो’ ही अ‍ॅनिमे मालिका सुरू झाली. निर्माते योशिनोबु निशिझाकी, दिग्दर्शन आणि रूप घडवण्यात मोठा हात लेजी मात्सुमोतो यांचा. मात्सुमोतोंचे वडील लष्करात वैमानिक होते, म्हणजे युद्ध त्यांच्या घरात होतं.

गोष्ट २१९९ सालची. गामिलास नावाच्या ग्रहावरून पृथ्वीवर किरणोत्सारी बाँब पडताहेत. समुद्र आटलेत, माणसं जमिनीखाली राहतात आणि वर्षभरात सगळं संपणार आहे. आटलेल्या समुद्राच्या तळाशी यामातोचा सांगाडा पडलाय. त्याच्या आत गुपचूप एक अंतराळयान बांधलं जातं. ते १,४८,००० प्रकाशवर्षं दूर असलेल्या इस्कंदर ग्रहावर जाऊन किरणोत्सार शोषणारं यंत्र आणायला निघतं.

हिरोशिमानंतर तीस वर्षांच्या आत ही मालिका आली हे ध्यानात घ्या, म्हणजे त्या बाँबचा अर्थ वेगळा सांगायला लागत नाही. आणि मोहीम बघा कशी उलटी केलीय. १९४५ ची यामातो परत न येण्यासाठी निघाली होती. २१९९ च्या यामातोला परत यावंच लागणार आहे. ती परत आली नाही तर पृथ्वी मेली.

पहिल्याच भागात हाच झगडा आहे. प्लूटोजवळ पृथ्वीचा ताफा हरतोय. कॅप्टन ओकिता माघारीचा हुकूम देतो. तरुण मामोरू कोदाई ऐकत नाही, लढत राहतो आणि गेल्यात जमा होतो. ओकिता जिवंत परततो, लाज पत्करून. मामोरूचा धाकटा भाऊ सुसुमू, म्हणजे आपला नायक, या म्हाताऱ्यावर राग धरून असतो आणि त्याच्याच हाताखाली काम करता करता त्याला समजतं की परत फिरायलाही छाती लागते. शेवटाकडे यामातो गामिलास ग्रह उद्ध्वस्त करते. तिथली माणसं निळ्या कातडीची, पण माणसंच. त्या ढिगाऱ्यांकडे बघून सुसुमू कोलमडतो. आपण लढायला नको होतं, हे लोकही जगायलाच धडपडत होते, असं त्याला कळून चुकतं. लहान मुलांच्या कार्टूनमध्ये जिंकणाऱ्याला स्वतःच्या विजयाची किळस येते, हे १९७५ साली सोपं नव्हतं.

मालिका तेव्हा चालली नाही. ‘हायडी’ ही दुसरी अ‍ॅनिमे त्याच वेळेला दुसऱ्या वाहिनीवर असायची, प्रेक्षक तिकडे. २६ भागांत गाडा आवरला. पण पुन्हा दाखवल्यावर तरुण पोरांनी ती उचलून धरली. १९७७ साली भाग जोडून सिनेमा केला, तर तिकिटांसाठी रात्रीपासून रांगा लागल्या. अ‍ॅनिमे मोठ्यांनीही बघायची गोष्ट आहे, हे जपानमध्ये रुजलं त्यात या रांगांचा मोठा वाटा आहे. अमेरिकेत १९७९ साली ती ‘स्टार ब्लेझर्स’ म्हणून गेली. तिथे जहाजाचं नाव बदलून ‘आर्गो’ केलं. कारण उघड आहे.

आता वळण. १९७८ साली पुढचा सिनेमा आला, ‘निरोप’ असं नाव असलेला. त्यात बहुतेक सगळे मरतात आणि शेवटी सुसुमू एकटा, प्रेयसी युकीचा मृतदेह शेजारी ठेवून, यामातो शत्रूच्या महाकाय जहाजाकडे घेऊन निघतो. थिएटरं रडली. सिनेमा तुफान चालला. पण टीकाही झाली की हे कामिकाझेला फुलं वाहणं आहे. मात्सुमोतोंनाही हा शेवट रुचला नव्हता. त्याच वर्षी तीच कथा टीव्हीवर पुन्हा केली तेव्हा शेवट बदलला, सुसुमू आणि युकी वाचले. एकाच वर्षात एकाच गोष्टीचे दोन शेवट, एक मरणाचा, एक जगण्याचा. लोकांना काय हवंय हे निर्मात्यांनाही ठरवता येत नव्हतं असं मला वाटतं.

२०१० साली दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी यांच्यापुढे हे दोन्ही शेवट होते. मूळ मालिका आली तेव्हा ते दहा वर्षांचे होते. संगणकावरच्या दृश्यांमध्ये ते मुरलेले. नायक ताकुया किमुरा, त्या वेळचा जपानचा सर्वांत मोठा स्टार. युकीच्या भूमिकेत मेइसा कुरोकी. सिनेमा १ डिसेंबरला लागला. निशिझाकींना तो लागलेला बघायला मिळाला नाही. जेमतेम तीन आठवडे आधी ते ओगासावारा बेटांजवळ बोटीवरून समुद्रात पडून गेले. बोटीचं नाव ‘यामातो’. असं कथेत लिहिलं असतं तर संपादकाने खोडलं असतं.

सिनेमा दिसायला झकास आहे. यामातो मातीतून वर येते तेव्हा अंगावर काटा येतो. पण यामाझाकींनी दोन बदल केले आणि मला तेच खटकतात.

पहिला बदल शत्रूत. निळी माणसं गेली. गामिलास म्हणजे आता स्फटिकासारखा, एकाच मनाने चालणारा परका जीव. खर्चाच्या आणि दिसण्याच्या दृष्टीने हे समजू शकतं, निळा रंग फासलेले नट हास्यास्पद दिसले असते. पण शत्रू माणूस राहिला नाही की ढिगाऱ्यासमोरचा पश्चात्तापही उरत नाही. स्फटिक फुटले म्हणून कोण रडेल?

दुसरा बदल शेवटात. यामाझाकींनी १९७४ च्या कथेला १९७८ चा शेवट जोडला. पृथ्वी नष्ट करणारं अस्त्र समोर आहे, यामातोच्या मुख्य तोफेचं तोंड बंद झालंय, ती डागली तर जहाजही जाणार. कोदाई सगळ्यांना उतरवतो आणि एकटा मागे राहतो. मग पांढरा प्रकाश. आणि नंतर हिरव्या झालेल्या पृथ्वीवर युकी आणि एक लहान मुलगा. म्हणजे परत येण्यासाठी निघालेली यामातो पुन्हा एकदा न परतणारी झाली.

चित्रात आणि खऱ्या माणसात फरक पडतो तो इथे. रेखाटलेला कोदाई मरतो तेव्हा एक कल्पना मरते. किमुराचा घामेजलेला, हसरा, लाडका चेहरा मरणाकडे जातो तेव्हा ते मरण हवंहवंसं वाटायला लागतं. सिनेमाने सुमारे ४१० कोटी येनांचा धंदा केला, म्हणजे लोकांनाही ते भावलं.

पण गोष्ट इथे संपत नाही, म्हणून तर ही पोस्ट. २०१३ साली यामाझाकींनी ‘द इटर्नल झीरो’ केला. त्याचा नायक वैमानिक, बायकोपोरीसाठी जिवंत परतायचं म्हणतो म्हणून सगळे त्याला भित्रा म्हणतात. तरी शेवटी तोही कामिकाझे होऊन जातो. सिनेमा प्रचंड चालला, पंतप्रधान शिंजो आबेंनी कौतुक केलं, आणि युद्धाचं उदात्तीकरण केलं म्हणून टीकाही तितकीच झाली.

२०१९ साली ‘द ग्रेट वॉर ऑफ आर्किमिडीज’. हा थेट यामातोच्या बांधणीवर. तिचा खरा खर्च उघड करून ती रोखू पाहणाऱ्या एका गणितज्ञाची ही काल्पनिक कथा. सुरुवातच यामातो बुडण्याने होते. त्यात एक छोटं दृश्य आहे. पाडलेल्या अमेरिकन विमानाचा वैमानिक हवाई छत्रीने समुद्रात उतरतो आणि लगेच एक विमान पाण्यावर उतरून त्याला उचलून नेतं. मरणाच्या दारातले जपानी खलाशी थक्क होऊन बघत राहतात. एका माणसासाठी एवढं?

आणि २०२३ साली ‘गॉडझिला मायनस वन’, ज्याला दृश्य परिणामांचं ऑस्कर मिळालं. नायक कामिकाझेतून पळालेला वैमानिक. शेवटी तो स्फोटकं भरलेलं विमान घेऊन गॉडझिलाच्या तोंडात शिरतो. अगदी १९७८ आणि २०१० सारखंच. फक्त या विमानात बाहेर फेकणारी खुर्ची बसवलेली आहे. तो बाहेर पडतो, जगतो. त्याआधी एक पात्र स्पष्ट बोलून दाखवतं की आपल्या देशाने माणसाचा जीव फार स्वस्त मानला.

तेरा वर्षांत एकाच दिग्दर्शकाचे चार सिनेमे, पांढऱ्या प्रकाशापासून त्या खुर्चीपर्यंत. यामाझाकींनी हे ठरवून केलं असं मी म्हणत नाही, पण ओळीने बघितलं की मला हेच दिसतं.

‘बलिदान’ आणि ‘हौतात्म्य’ हे शब्द आपल्याही भाषणांत फार सहज येतात, बहुतेक वेळा बोलणारा मंचावर सुखरूप उभा असतो. अशा वेळी मला इतोंचा तो शेवटचा हुकूम आठवतो. यामातोवर इतके सिनेमे निघाले, पण बुडत्या जहाजावरून मोहीम रद्द करणारा आणि उरलेल्यांना परत पाठवणारा तो अ‍ॅडमिरल कथेच्या केंद्रस्थानी आलेला मी अजून बघितलेला नाही. त्याच्यावर कुणी सिनेमा काढला, अ‍ॅनिमे असो की खऱ्या नटांचा, तर मी पहिल्या दिवशी तिकीट काढीन.

तुमच्यापैकी कुणी २०१० चा यामातो बघितला असेल तर कॉमेंटमध्ये जरूर लिहा. शेवट पटला की नाही, आणि का.