घड्याळ कुणाचं?

४४,१००. गाणं साठवायचा हा आकडा इतका अडनिडा का, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय? सीडीवर एका सेकंदाच्या आवाजाचे इतके तुकडे असतात, म्हणजे इतकी सॅम्पल्स. माणसाला जास्तीत जास्त २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, त्याच्या दुपटीहून थोडं जास्त हवं, हे कॉलेजात शिकवतात. पण मग ४२,००० का नाही? ४५,००० का नाही?

याचं उत्तर टीव्हीत आहे. सत्तरच्या दशकात डिजिटल आवाज रेकॉर्ड करायचा तर प्रत्येक सेकंदाला लाखाहून कितीतरी जास्त बिट्स गिळणारं यंत्र हवं होतं. तेवढी भूक असलेलं आणि परवडणारं एकच यंत्र तेव्हा होतं : व्हिडिओ रेकॉर्डर. म्हणून सोनीच्या इंजिनियरांनी आवाजाचे आकडे टीव्हीच्या चित्रात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात मांडले. चित्राच्या एका ओळीत तीन सॅम्पल्स. जपान-अमेरिकेच्या टीव्हीत सेकंदाला ६० फील्ड्स आणि प्रत्येकात वापरता येतील अशा २४५ ओळी. ६० गुणिले २४५ गुणिले ३, किती झाले? युरोपात ५० फील्ड्स आणि २९४ ओळी. ५० गुणिले २९४ गुणिले ३. दोन्हीकडे ४४,१००! १ ऑक्टोबर १९८२ला सोनीचा सीडीपी-१०१ जपानात विक्रीला आला आणि व्हिडिओ टेपची ही जुगाड कायमची आपल्या बोकांडी बसली.

हे पुराण सांगायचं कारण म्हणजे माझ्या टेबलावरचा एक डबा. डॅक, म्हणजे आकड्यांचा पुन्हा आवाज करणारं यंत्र, मी आणि ऑफिसातला एक मित्र मिळून घरी बनवत होतो. त्याच्या यूएसबी इनपुटने आमचे तीन शनिवार खाल्ले. पण त्या बिघाडाकडे यायच्या आधी अजून थोडा इतिहास लागेल, नाहीतर तो कळणारच नाही.

सीडी प्लेयरची एक गोष्ट मला फार आवडते. त्यात तबकडी हवी तशी फिरते आणि डॅक बिचारा तिच्यामागे धावतो, असं आपल्याला वाटतं. खरं उलटं आहे. डॅकजवळ एक क्वार्ट्झ क्रिस्टल असतं, तेच घड्याळ. आकडे एका छोट्या बफरमध्ये जमा होतात, घड्याळाच्या ठोक्याला एकेक बाहेर पडतो, आणि बफर रिकामा व्हायला लागला तर मोटरला सांगितलं जातं की बाई, जरा जोरात फिर. भरायला लागला तर हळू. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी आठवा. नळाची धार ठरलेली, पंप टाकीच्या पातळीप्रमाणे चालू-बंद. पंपाच्या मर्जीप्रमाणे नळाची धार कमी-जास्त होत नाही.

मग ट्रान्सपोर्ट वेगळा आणि डॅक वेगळा अशी फॅशन आली आणि सगळं उलटं झालं. सोनी-फिलिप्सच्या एसपीडीआयएफ या जोडणीत आकडे आणि घड्याळ एकाच तारेतून येतात. आता घड्याळ तिकडच्या डब्यात, आणि डॅकने तारेतून आलेल्या ठोक्यांवरून आपली लय लावून घ्यायची. तारेत ठोके पुढे-मागे झाले की तेच पुढे-मागेपण आवाजात उतरतं. त्याला जिटर म्हणतात. १९९२मध्ये ख्रिस डन आणि माल्कम हॉक्सफर्ड यांनी ऑडिओ इंजिनियरिंग सोसायटीपुढे एक निबंध मांडला. त्याच्या शीर्षकातच प्रश्न होता की ही जोडणी मुळातच सदोष आहे का.

किती पुढे-मागे चालेल? साधं गणित आहे. २० किलोहर्ट्झचा पूर्ण आवाजातला सूर घ्या, १६ बिट्स. सूर जिथे सर्वात वेगाने चढतो तिथे एक पायरी ओलांडायला सुमारे २४३ पिकोसेकंद लागतात. म्हणजे घड्याळ तेवढं चुकलं की सर्वात खालची पायरी गेली. तेवढ्या वेळात प्रकाश सव्वासात सेंटिमीटर जातो, आपल्या तळहाताच्या रुंदीएवढा. आता खऱ्या गाण्यात २० किलोहर्ट्झ पूर्ण आवाजात कधीच नसतो, त्यामुळे 'जिटरमुळे माझ्या गायकाचा आत्मा हरवला' छापाची वाक्यं मी तरी चिमूटभर मीठ लावूनच घेतो :-) पण इंजिनियर म्हणून तो आकडा डोक्यातून जात नाही हे खरं.

आणि मग आली यूएसबी. पहिलं मानक जानेवारी १९९६चं. इंटेलच्या ज्या गटाने ती घडवली त्यातले अजय भट्ट हे आपल्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर, हे जाता जाता. (आपल्या म्हणजे गायकवाडांच्या, वाद नको.) कीबोर्ड, माउस, प्रिंटर यांच्या वायरींचं जंगल साफ करणं हा मूळ हेतू. संगीत हा त्यातला एक पाहुणा.

या पाहुण्याची सोय कशी होती बघा. पहिल्या यूएसबीत संगणक दर मिलिसेकंदाला एक पाकीट पाठवतो. पण ४४,१०० भागिले १००० म्हणजे ४४.१, आणि सॅम्पलचा दशांश तुकडा पाठवता येत नाही. म्हणून नऊ पाकिटांत ४४ सॅम्पल्स आणि दहाव्यात ४५! व्हिडिओ टेपच्या त्या विचित्र आकड्याचा भार असा इथे येऊन पडला. शिवाय यूएसबीची चिप १२ मेगाहर्ट्झवर चालते, आणि १२ मेगाहर्ट्झला ४४,१००ने भागलं तर पूर्ण भाग जात नाही. वर आवाजाची पाकिटं आयसोक्रोनस पद्धतीने जातात, म्हणजे वेळेवर जाण्याची हमी, पण वाटेत खराब झालं तर पुन्हा पाठवणं नाही. दूधवाल्यासारखं : आज पिशवी फुटली तर फुटली, उद्याची उद्या.

तर आता मूळ प्रश्न. संगणकाचं घड्याळ एक, डॅकचं दुसरं. दोन क्रिस्टल्स कधीच तंतोतंत सारखी नसतात. मग साहेब कोण?

मार्च १९९८च्या यूएसबी ऑडिओ मानकात याची उत्तरं लिहिलेली आहेत. एक, सिंक्रोनस : यूएसबीचा मिलिसेकंदाचा ठोका हेच घड्याळ. दोन, अडॅप्टिव्ह : संगणक जसं पाठवेल तसं डॅकने आपलं घड्याळ ओढून-ताणून जुळवायचं. तीन, असिंक्रोनस : डॅकचं घड्याळ साहेब, आणि डॅकने संगणकाला अधूनमधून कळवायचं की मला मिलिसेकंदाला किती सॅम्पल्स लागताहेत, त्याप्रमाणे पाठव. तिसरी पद्धत म्हणजे आपला जुना सीडी प्लेयर आणि त्याची मोटर, फक्त मोटरच्या जागी संगणक. उत्तर १९९८मध्येच छापून तयार होतं.

आणि जवळजवळ दहा वर्षं घरगुती हायफायच्या जगात त्याकडे फारसं कोणी फिरकलं नाही. का? माझा अंदाज सांगतो. चिप बनवणाऱ्यांचं गिऱ्हाईक म्हणजे टेबलावरचे स्वस्त स्पीकर. त्यांना अडॅप्टिव्ह पुरेसं होतं. असिंक्रोनससाठी डॅकमध्ये प्रोग्रॅम लिहावा लागतो, मोजावं लागतं, उलट निरोप पाठवावा लागतो. बर-ब्राउनची पीसीएम२७०२ आणि नंतरची पीसीएम२७०४ या चिप्सनी घरी डॅक बनवणाऱ्यांची एक पिढी घडवली. एक चिप, एक १२ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल, चार कपॅसिटर, झाला डॅक! ड्रायव्हरही नको. या चिप्स पाकिटं मोजून सरासरी काढतात आणि आपलं घड्याळ तिच्यामागे नेतात. हुशार काम आहे, नावं ठेवणार नाही. पण साहेब संगणकच. त्यामुळे 'यूएसबी म्हणजे माउससाठी, गाण्यासाठी नाही' असा समज पक्का झाला. दोष वायरीला मिळाला, पद्धतीकडे कोणी बघितलं नाही.

ते ज्यांनी बघितलं त्यांत गॉर्डन रँकिन यांचं नाव आधी घ्यावं लागेल. ओहायोमधल्या सिनसिनाटीतली त्यांची वेव्हलेंग्थ ऑडिओ ही अगदी लहान कंपनी. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीएएस१०२०बी चिपमध्ये एक छोटा ८०५२ प्रोसेसर असतो. कोणीही विकत घेऊ शकेल अशी चिप. रँकिन यांनी तिच्यासाठी स्वतः प्रोग्रॅम लिहिला, असिंक्रोनस पद्धतीचा, आणि त्याला स्ट्रीमलेंग्थ नाव दिलं. २००९मध्ये एअरच्या क्यूबी-९ या डॅकमध्ये तोच वापरला गेला आणि मग 'असिंक्रोनस' हा शब्द जाहिरातींतला मंत्र झाला. अकरा वर्षं जुन्या मानकातला एक पर्याय, नवा शोध म्हणून!

मंत्र झाला की जे होतं तेच पुढे झालं. कोणीही तो डब्यावर छापायला लागलं. आता आमच्या डब्याकडे येतो.

यूएसबीचा बोर्ड आम्ही तयार घेतला होता, 'असिंक्रोनस' असं ठळक अक्षरात लिहिलेला. बाकी सामान तपकीर गल्लीतलं. डॅकजवळ ११.२८९६ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल, म्हणजे ४४,१००च्या बरोबर २५६ पट. आवाज पहिल्या झटक्यात आला, छान आला. आणि मग टिक. बारीक, नखाने टेबल वाजवावं तशी.

ती टिक पहिल्यांदा पकडली माझ्या आत्याने. मी तिला माझ्या आजोबांचं व्हायोलिन ऐकवत होतो. १९८४ची एक घरगुती कॅसेट, एका कोकणी पावसाळ्यात बुरशीने गेली, त्याआधी मी तिची संगणकावर प्रत करून ठेवली होती. आता जगात तेवढी एक फाइल. आत्या म्हणाली, "अरे, ही टिक टेपमधलीच आहे का रे?" माझ्या पोटात गोळा आला. प्रतच खराब असेल तर पुढे काही इलाज नव्हता.

तेच गाणं पुन्हा लावलं. टिक आली, पण दुसऱ्या जागी. तिसऱ्यांदा तिसऱ्या जागी. चला, फाइल सुखरूप! मग घड्याळ लावून बसलो. दोन टिकांमध्ये २३ सेकंद, दर वेळी. वायर बदलली, २३. यूएसबीचा पाच व्होल्ट तोडून वेगळा वीजपुरवठा दिला, २३. गोंगाट, सैल सांधे, खराब वायर यांच्यामुळे होणारे बिघाड इतके वक्तशीर नसतात. मित्राने त्याचा लॅपटॉप लावला आणि अंतर झालं ४० सेकंद. तिथे आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. लॅपटॉप बदलला की टिकेचं अंतर बदलतं, म्हणजे दोन क्रिस्टल्सचं भांडण आहे.

हिशोब असा. बोर्डाच्या बफरमध्ये एका पाकिटाची, ४४ सॅम्पल्सची, सवड होती. ती २३ सेकंदांत संपते, म्हणजे सेकंदाला सुमारे १.९ सॅम्पल्सचा फरक, दशलक्षात ४३ भाग. क्वार्ट्झसाठी एवढा फरक अगदी सर्वसामान्य. असिंक्रोनसमध्ये नेमका हाच फरक उलट निरोपाने मिटायला हवा. मग तो निरोप जातोय का?

लिनक्समध्ये हे बघायची सोय आहे. साउंड कार्डाच्या स्ट्रीम फाइलमध्ये डॅक या क्षणी किती वेग मागतोय ते दिसतं. आमच्याकडे दिसत होतं ४४,१००. पाच मिनिटांनी ४४,१००. दुसऱ्या लॅपटॉपवरही ४४,१००. खरं मोजणारा कोणीही इतका गोल आकडा सांगणार नाही. बोर्डासोबत प्रोग्रॅमचा सोर्स मिळाला होता, तो उघडला. निरोप पाठवणाऱ्या फंक्शनमध्ये मोजणी नव्हतीच. एक ठरलेली संख्या परत पाठवली जात होती. किती वाजले विचारल्यावर मनगटाकडे न बघता 'दहा' म्हणणारा माणूस! मानकाच्या नावापुरती पूर्तता, संगणकही खूश.

तिसऱ्या शनिवारी ते फंक्शन नव्याने लिहिलं. यूएसबीच्या दोन मिलिसेकंद-ठोक्यांमध्ये आपल्या क्रिस्टलचे ११,२८९.६ ठोके पडायला हवेत. १,०२४ मिलिसेकंद मोजत राहायचं आणि जे निघेल ते कळवायचं. पन्नासेक ओळींचं काम. स्ट्रीम फाइलमध्ये माझ्या लॅपटॉपवर ४४,१०२ दिसलं, मित्राच्या ४४,१०१. गणिताशी चोख जुळलं. रात्रभर वाजत ठेवलं, एकही टिक नाही. आत्याला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे अण्णांचं व्हायोलिन ठीक आहे ना? मग बरं."

इतिहासाचं शेपूट राहिलं. पहिल्या यूएसबीत एका पाकिटात जास्तीत जास्त १,०२३ बाइट्स मावतात, त्यामुळे २४ बिट्स आणि १९२ किलोहर्ट्झचं स्टिरिओ त्यात बसत नाही. त्यासाठी यूएसबी ऑडिओचं दुसरं मानक २००६मध्ये आलं. मॅक आणि लिनक्सने ते २०१०मध्ये स्वीकारलं. विंडोजला स्वतःचा ड्रायव्हर द्यायला २०१७ उजाडलं, अकरा वर्षं! मधल्या काळात प्रत्येक डॅकवाल्याने आपापला ड्रायव्हर दिला आणि आपण ते इन्स्टॉल करत बसलो.

आमच्या डब्यात ४८ किलोहर्ट्झचं कुटुंब अजून वाजत नाही. त्याला १२.२८८ मेगाहर्ट्झचं दुसरं क्रिस्टल लागतं. तपकीर गल्लीत दोन चकरा मारल्या, मिळालं नाही, आता मागवलंय.