केबल दूरचित्रवाणीचा ग्राहक, नाशिकमधील

उपग्रहाकडून आलेले संदेश एका केंद्रावर ग्रहण करून ते तारेच्या साहाय्याने घरोघरी पोहोचविण्याच्या व्यवस्थेस केबल दूरचित्रवाणी म्हणतात. वाहिन्यांच्या वाढीचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. दरमहा वर्गणी देणाऱ्या ग्राहकाकडे मात्र त्यात क्वचितच लक्ष दिले गेले. नाशिक शहराच्या उदाहरणावरून या ग्राहकाची बदलती स्थिती ध्यानात येते.

१९९१ च्या आखाती युद्धाची उपग्रहीय वार्ताचित्रे, त्याच वर्षी सुरू झालेल्या स्टार समूहाच्या वाहिन्या व २ ऑक्टोबर १९९२ रोजी सुरू झालेली झी वाहिनी यांमुळे केबलचा प्रसार वेगाने झाला. नाशिक शहर याच सुमारास विस्तारत होते. १९९१ मध्ये सु. ६·५७ लाख असलेली महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या २०११ मध्ये सु. १४·८६ लाख झाली. सातपूर व अंबड येथील कारखानदारी आणि सिडकोची वसाहत यांमुळे नवा नोकरदारवर्ग येथे स्थिरावला. अशा शहरांतील केबलचालक बहुधा त्याच भागातील रहिवासी असे. इमारतीच्या गच्चीवर छत्री, खाली एका खोलीत यंत्रसामग्री व तेथून विजेच्या खांबांवरून नेलेली तार, एवढ्यावर त्याचा व्यवसाय चाले. १९९५ च्या केबल दूरचित्रवाणी जाल (विनियमन) अधिनियमाने त्याला प्रधान डाकघरात नोंदणी करणे भाग पडले.

या काळात नवी वाहिनी म्हणजे ग्राहकाच्या दृष्टीने एक प्रकारची बक्षिसीच होती. संच लावला असता एखादी वाहिनी नव्याने दिसू लागे; तिच्यासाठी वेगळी मागणी करावी लागत नसे. सदृश पद्धतीत प्रत्येक वाहिनीला ७ ते ८ मेगॅहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा लागत असल्याने तारेची क्षमता मर्यादित होती व शेवटच्या क्रमांकांवरील चित्रे अस्पष्ट दिसत. कोणती वाहिनी कोठे ठेवायची, हे केबलचालक ठरवी. सशुल्क वाहिन्या वाढल्या तशी वर्गणीही वाढत गेली. परंतु तिच्यातील कोणता भाग कशासाठी, हे ग्राहकास कळत नसे.

२०११ च्या दुरुस्तीने अंकीय प्रक्षेपण सक्तीचे झाले. दुसऱ्या टप्प्यातील ३८ शहरांत नाशिकचा समावेश होता व त्यासाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत होती. घरोघरी सेट टॉप बॉक्स आले. मात्र साध्या चित्रासाठी बनविलेल्या पेटीतून पुढे एचडी वाहिन्या पाहता येईनात. एचडी, म्हणजे उच्च विभेदनाच्या वाहिनीचे चित्र १,९२० × १,०८० बिंदूंपर्यंतचे असते. साध्या वाहिनीचे ७२० × ५७६ बिंदूंचे. साहजिकच अशी वाहिनी तारेवर अधिक जागा व्यापते. तिच्यासाठी नवा संच, नवी पेटी व अधिक आकार असा तिहेरी खर्च ग्राहकावर पडला. हिंदी मनोरंजन वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या २०११ पासून निघू लागल्या. झी मराठी, कलर्स मराठी व स्टार प्रवाह यांच्या एचडी आवृत्त्या २०१६ मध्ये आल्या. मराठी मालिकांच्या प्रेक्षकाने मोठा पडदा आधीच घेतला असला, तरी त्यावर इतकी वर्षे ताणलेले साधे चित्रच त्याच्या वाट्यास आले.

एचडी वाहिन्यांच्या वाढीकडे ग्राहक हिशेबाने पाहू लागला तो २०१९ मध्ये. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या मार्च २०१७ च्या दर-आदेशास न्यायालयात आव्हान मिळाले होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्याचा निकाल लागल्यावर तो फेब्रुवारी २०१९ पासून प्रत्यक्षात आला. त्यानुसार पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी जालशुल्क जास्तीत जास्त १३० रुपये, म्हणजे करासह १५३·४० रुपये ठरले. सशुल्क वाहिन्यांचे मूल्य वेगळे. या मोजणीत एक एचडी वाहिनी दोन साध्या वाहिन्यांबरोबर धरली जाई. वीस एचडी वाहिन्या घेतल्यास चाळीस जागा भरत आणि दूरदर्शनच्या सक्तीच्या वाहिन्याही त्याच शंभरांत मोजल्या जात. एकाच वाहिनीच्या साध्या व एचडी आवृत्त्या एका संचात एकत्र विकण्यास मनाई झाली, हे मात्र योग्यच झाले. एका कार्यक्रमाचे पैसे दोनदा देण्याचे कारण नव्हते.

या बदलाचे स्वागत एकमुखाने झाले नाही. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रातील केबलचालकांनी निषेधार्थ सायंकाळी तीन तास प्रक्षेपण बंद ठेवण्याचे जाहीर केले. क्रिकेटच्या शौकिनास स्पष्ट चित्रासाठी जादा पैसे देणे परवडत असे. पण केवळ मराठी वाहिन्या व बातम्या पाहणाऱ्या कुटुंबाला निवडीची यादी भरणे हेच जाचक वाटे. वाहिन्यांचे पाठ झालेले क्रमांक बदलल्याने वृद्धांची विशेष अडचण होई. निवड न कळविणाऱ्यांना केबलचालकाने सुयोग्य योजना लावून द्यावी, असे प्राधिकरणाला फेब्रुवारी २०१९ मध्ये सांगावे लागले. निवडीचा अधिकार ज्याच्यासाठी निर्माण केला, त्यानेच तो पुन्हा केबलचालकाकडे सोपवावा, असा हा प्रकार होता.

१ जानेवारी २०२० च्या दुरुस्तीने १३० रुपयांतील वाहिन्या दोनशे झाल्या व घरातील दुसऱ्या संचाचे जालशुल्क पहिल्याच्या ४० टक्क्यांपर्यंत मर्यादित झाले. साध्या पेटीवर चालणारा जुना संच आतल्या खोलीत ठेवून दर्शनी खोलीत एचडी घेणाऱ्या घरांना याचा उपयोग झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये नव्या दरांवरून प्रमुख प्रक्षेपकांनी करार न करणाऱ्या केबल कंपन्यांचे संदेश काही दिवस तोडले, तेव्हा वर्गणी भरलेल्या ग्राहकाचाच पडदा रिकामा राहिला. जुलै २०२४ मध्ये जालशुल्कावरील कमाल मर्यादा काढून टाकण्यात आली. दरम्यान अनेक कुटुंबे आंतरजालावरील कार्यक्रमांकडे वळली असून पुष्कळ ठिकाणी ती सेवाही पूर्वीचा केबलचालकच प्रकाशतंतूच्या तारेने पुरवितो.